मंडळ आणि मंडळी

मराठीत 'मंडळी' हा मोठा सोयीचा शब्द आहे. लग्नाला जमतात ती मंडळी, पंगतीला बसतात ती मंडळी. जुन्या वळणाच्या घरात नवरा "आमची मंडळी माहेरी गेलीय" म्हणायचा, तेव्हा एकटी बायकोसुद्धा मंडळी व्हायची! इथे परदेशात आपण याच धातूचं 'मंडळ' केलं, त्याला घटना दिली, कार्यकारिणी दिली, दिवाळी-संक्रांतीचे कार्यक्रम दिले. पण आमच्या घरात या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. मराठी बायबलात, ज्याला आम्ही लहानपणापासून 'पवित्र शास्त्र' म्हणतो, त्यात 'चर्च'साठी जो शब्द योजला आहे तो हाच: मंडळी.

आम्ही नगरचे. म्हणजे अहमदनगरचे, आता अहिल्यानगर म्हणायचं. तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. मंडळाच्या गणेशोत्सवात आम्ही मोदकांच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे असतो, त्यामुळे पुष्कळांना हे ठाऊक नसतं. ठाऊक झालं की पहिला प्रश्न येतो, "अहो, पण तुमचं आडनाव तर अगदी आपलंच आहे!" दुसरा येतो, "मग तुमचं चर्च कुठलं?" पहिल्या प्रश्नाला आम्ही हसतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. गेलं वर्षभर तर आम्ही स्वतःच त्याचं उत्तर शोधत होतो. ते शोधताना जे वाचलं, जे घडलं, ते आज सांगायचं आहे.

'चर्च' म्हटलं की डोळ्यांपुढे इमारत येते. कळस, घंटा, रंगीत काचा. नव्या करारात असं एकही चर्च नाही. मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया'. तो काही धर्माचा शब्द नव्हे. अथेन्सच्या नागरिकांची जी सभा टेकडीवर भरायची आणि हात वर करून कायदे करायची, तिचं नाव एक्लेसिया. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस शहरात दंगल होते, लोक नाट्यगृहात घुसतात, तिथे जमलेल्या गोंधळी गर्दीलाही लेखक हाच शब्द वापरतो! चार शुभवर्तमानांत हा शब्द फक्त मत्तयाच्या पुस्तकात आणि तोही दोनच प्रसंगी येतो. पौलाच्या पत्रांत मात्र तो जागोजागी आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ अगदी साधा आहे: अमुक गावात, तमुकाच्या घरी जमणारी माणसं. मराठीत भाषांतर करताना ज्यांनी कुणी 'मंडळी' हा शब्द निवडला, त्यांना मनापासून दाद द्यावीशी वाटते. त्यांनी इमारत टाळली आणि माणसं ठेवली.

ही माणसं कोण होती? अथेन्सच्या सभेत बायकांना, गुलामांना आणि परक्यांना जागा नव्हती. पौलाच्या मंडळ्यांत नेमके तेच दिसतात. फिलिप्पै गावची पहिली मंडळी जमली ती लुदिया नावाच्या, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या बाईच्या घरी, आणि ती मूळची त्या गावची नव्हेच, थुवतीराची. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी. फिलेमोनाच्या घरी मंडळी जमते, आणि त्याच फिलेमोनाला पौल लिहितो की तुझा पळून गेलेला गुलाम अनेसिम परत येतोय, त्याला भाऊ म्हणून घरात घे. आमचं सगळ्यांत आवडतं जोडपं म्हणजे अक्विला आणि प्रिस्किल्ला. अक्विला काळ्या समुद्राकाठच्या पंताचा. दोघं रोममध्ये स्थायिक झाले, क्लौद्य बादशहाने यहूद्यांना रोममधून काढलं म्हणून करिंथला आले, तिथून इफिसला गेले, पुढे पुन्हा रोमला. धंदा तंबू बनवण्याचा. जातील तिथे यांचं बिऱ्हाड आणि जातील तिथे यांच्या घरी मंडळी. व्हिसा आणि नोकरी यांच्या मागे चार राज्यं पालथी घातलेल्या आमच्यासारख्यांना ही दोघं अगदी शेजारची वाटतात.

पण ही मंडळी आदर्श होती असं मात्र समजू नका. करिंथच्या मंडळीचं पहिलं पत्र वाचावं. आपल्या मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा त्यापुढे फिकी! कुणी म्हणतो मी पौलाच्या गटाचा, कुणी अपुल्लोच्या, कुणी केफाच्या. एकमेकांवर कोर्टात दावे लावलेले. आणि प्रभुभोजनाची तऱ्हा तर ऐकण्यासारखी. सगळ्यांनी एकत्र जेवायचं अशी रीत, पण ज्यांच्याकडे होतं ते आपलं आणून आधीच खाऊन घेत, कुणी तर पिऊन तर्र होत, आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं ते उपाशी राहत. पौल संतापून विचारतो, की खाण्यापिण्याला तुम्हांला घरं नाहीत का? आणि शेवटी त्याचा उपाय काय, तर जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. बस्स. इतक्या मोठ्या भांडणावर इतका घरगुती उपाय!

कारभारही घरगुतीच. फिलिप्पैच्या पत्राच्या सुरुवातीलाच मराठीत 'अध्यक्ष व सेवक' असे शब्द येतात. वाचून हसू येतं, कारण आपल्याकडेही अध्यक्ष एक असतो आणि सेवक मिळत नाहीत. अध्यक्षांना दुसरं नाव 'वडील'. आणि हे वडील बहुतेक ठिकाणी एकापेक्षा जास्त असत. यरुशलेमच्या गरिबांसाठी पौलाने गावोगावच्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली. आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बाजूला काढून ठेवायचं, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको. आणि ती रक्कम एकट्याने न नेता मंडळ्यांनी नेमलेली माणसं बरोबर घ्यायची, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा नको. आपल्या खजिनदारांना ही पत्रं जरूर वाचायला द्यावीत.

आता थोडं नगरचं. आमच्या घराण्यातले पहिले ख्रिस्ती महारवाड्यातले. ज्या गावात विहिरीवर पाणी भरायची मुभा नव्हती, त्या गावच्या लोकांनी एका मेजाशी बसून एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घ्यायचं, आणि त्या मेजाशी एखादा ब्राह्मण ख्रिस्तीही असायचा, ही त्या काळात केवढी गोष्ट होती हे आज सांगून कळणार नाही. आजोबा सांगायचे, की खेड्यातली मंडळी शाळेच्या खोलीतच भरायची. आठवडाभर मास्तर पाढे शिकवत, रविवारी तेच उपासना चालवत. पेटी, तबला, झांज, आणि रेव्हरंड टिळकांची भजनं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्यांच्या भजनांनी आमच्या खेड्यापाड्यांतल्या उपासनेला मराठी गळा दिला. 'उपासना संगीत' आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या फळीवर असायचं, कारण आई ते पाहून भाकऱ्या थापताना गायची.

अर्थात जात काही चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. ती मंडळीतही आली. लग्न जमवताना तर तिची हटकून आठवण व्हायची. याकोबाच्या पत्रात एक जागा आहे: सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत आला की त्याला चांगली बैठक देता आणि फाटक्या वस्त्रातल्या गरिबाला उभं राहा म्हणता, हा काय न्याय? आमचे पाळकसाहेब हा अध्याय वाचायला लागले की मंडळीत खाकरण्याचे आवाज वाढायचे, असं आजोबा मिस्कीलपणे सांगत.

पुढे आम्ही सिव्हिल इंजिनियरिंग करून एम.एस.साठी मॅसॅच्युसेट्सला आलो, आणि इथे एक गंमत कळली. नगरला ज्यांना आम्ही 'मिशनवाले' म्हणायचो, त्यांचं माहेर हेच! अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था 1810 साली याच राज्यात स्थापन झाली. हिंदुस्थानात पाठवायच्या पहिल्या पाच जणांना 1812 च्या फेब्रुवारीत सेलमच्या टॅबर्नॅकल चर्चमध्ये दीक्षा दिली गेली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईला पोचले. हॉल 1826 मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेला. 1831 मध्ये नगरचं काम सुरू झालं. बोस्टनहून सेलम लोकलने अर्ध्या तासावर. आम्ही तिथल्या रस्त्यांवरून फिरलो तेव्हा आपल्याच आजोळी उशिरा पोचल्यासारखं वाटलं.

इथल्या प्रत्येक जुन्या गावात मध्यभागी हिरवळ आणि तिच्या कडेला पांढरं लाकडी चर्च असतं. त्याला जुन्या काळी 'मीटिंग हाऊस' म्हणत. म्हणजे पुन्हा सभागृहच! प्रार्थना तिथेच आणि गावची सभाही तिथेच. 1648 साली या लोकांनी 'केंब्रिज प्लॅटफॉर्म' नावाचा मसुदा केला. त्यात तत्त्व असं, की एका गावची मंडळी ही स्वतःच पूर्ण मंडळी आहे. आपला पाळक ती स्वतः निवडील, शेजारच्या मंडळ्या सल्ला देतील, हुकूम देणार नाहीत.

पण थोड्याच वर्षांत त्यांच्यापुढे एक पेच आला. समुद्र ओलांडून आलेल्यांची श्रद्धा तावून सुलाखून निघालेली होती. त्यांची मुलं इथेच जन्मली. ती सभ्य होती, चर्चला येत होती, पण स्वतःच्या अनुभवाची साक्ष देऊन पूर्ण सभासद होत नव्हती. मग त्यांच्याही मुलांना बाप्तिस्मा द्यायचा की नाही? 1662 मध्ये त्यांनी मधला मार्ग काढला. त्या नातवंडांना बाप्तिस्मा मिळेल, पण त्यांच्या आईबापांना प्रभुभोजन आणि मतदान नाही. याला विरोधकांनी नाव ठेवलं 'हाफ-वे कव्हेनंट', म्हणजे अर्ध्या वाटेचा करार. वाचून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या पिढीचं काय करायचं ही काळजी घेऊन आपण मराठी लोक इथे पहिले आलो असं वाटत होतं!

कारण आमच्यापुढेही तोच पेच होता. आमची चौदा कुटुंबांची एक छोटी मंडळी आहे. नगर, पुणे, सोलापूर, जालना, मुंबई, सगळीकडची. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता एका जुन्या काँग्रिगेशनल चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये आम्ही जमतो. कायमचा पाळक नाही. त्या चर्चच्या पाळकबाई प्रभुभोजन देतात, बाकी उपासना आम्हीच चालवतो. पेटी आहे, तबला आहे, नंतर चहा आणि पोहे. बाकीच्या रविवारी प्रत्येकजण आपापल्या जवळच्या इंग्रजी चर्चला जातो.

दोन वर्षांपूर्वी मुलं कुरकुरू लागली. लहान होती तेव्हा खेळत बसायची. आता चौदा-पंधरा-सोळा वर्षांची झाली. त्यांचं म्हणणं स्वच्छ होतं: आम्हांला घरातलं मराठी समजतं, पण शास्त्रातलं नाही. 'नीतिमत्त्व' म्हणजे काय, 'प्रायश्चित्त' म्हणजे काय, दीड तास आम्ही नुसते बसतो. एक कुटुंब मुलांसाठी म्हणून मोठ्या इंग्रजी चर्चमध्ये निघून गेलं, तिथे तरुणांचे वर्ग होते, बँड होता. आणखी दोघं जाण्याच्या बेतात होती. कुणीतरी सुचवलं की सगळी उपासनाच इंग्रजीतून करू.

यावर एक आजी बोलल्या. आजोबा गेल्यावर नगरचं घर बंद करून त्या मुलाकडे आल्या आहेत. इंग्रजी येत नाही, गाडी चालवता येत नाही. दिवसभर घरात एकट्या. त्या म्हणाल्या, "बाबांनो, महिन्यातून एक दिवस मला चारचौघांत बोलता येतं. तेवढं काढू नका. बाकी तुम्ही म्हणाल तसं." आणि खाली मान घालून बसल्या. पुढे कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना. मुलांचं खरं होतं आणि आजींचंही खरं होतं.

त्या रात्री घरी आम्ही 'प्रेषितांची कृत्ये'चा सहावा अध्याय काढला. लहानपणी पाठ केलेला, पण या नजरेने कधी वाचलेला नव्हता. यरुशलेमची अगदी पहिली मंडळी. दुसऱ्या अध्यायात सगळं गोड आहे: एकत्र शिक्षण, एकत्र भोजन, एकत्र प्रार्थना, मालमत्ता विकून गरजूंना वाटप. आणि सहाव्यात पहिली कुरबूर. कशावरून? भाषेवरून! ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार, की रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं आणि इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळतं. म्हणजे बाहेरदेशी राहून परतलेले आणि मूळ गावचे, आणि मधे अडकलेल्या म्हाताऱ्या बायका. आमचीच सभा जणू.

प्रेषितांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. दोन मंडळ्या करा असं ते म्हणाले नाहीत. एकच भाषा ठेवा असंही म्हणाले नाहीत. त्यांनी सर्वांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं, तुम्हीच सात चांगली माणसं निवडा, आम्ही हे काम त्यांच्या हाती देतो. निवडलेल्यांची नावं दिली आहेत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक! ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच भाषेची नावं. वाटपाची किल्लीच त्यांच्या हातात दिली, आणि त्यांनी ती दोन्ही बाजूंच्या विधवांसाठी वापरायची होती.

पुढच्या बैठकीत आम्ही हा अध्याय वाचून दाखवला आणि त्यावर अडीच तास चर्चा झाली. मराठी माणसं आहोत! मतभेद झाले. एक काका म्हणाले, "पोरांच्या हातात दिलं तर सहा महिन्यांत मराठी संपेल." दुसऱ्या ताई म्हणाल्या, "नाही दिलं तर सहा महिन्यांत पोरं संपतील." शेवटी ठरलं, की मुलांनी आपल्यातले तिघं निवडावेत आणि वर्षभर उपासनेची आखणी त्यांनी करावी. अट एकच. आजींसारखं कुणीही उपाशी उठता कामा नये.

मुलांनी काय केलं? आम्हांला वाटलं होतं गिटार येईल. गिटार आलीच. पण त्यांनी भजनं काढली नाहीत. देवनागरी वाचता येत नव्हतं म्हणून प्रत्येक भजनाचे शब्द रोमन लिपीत लिहिले, खाली दोन ओळींत अर्थ दिला, आणि तो अर्थ विचारायला आजींकडे गेली. शास्त्रपाठ आता दोन्ही भाषांत होतो. प्रवचन अर्ध्या वेळेत आटोपतं, आणि खरं सांगायचं तर याबद्दल मोठ्यांपैकीही कुणी तक्रार केलेली नाही. नुकतंच लायसन मिळालेला एक मुलगा दर दुसऱ्या रविवारी आजींना आणायला जातो. तो "आजी, तू सीटबेल्ट लाव" असं अगदी हक्काने सांगतो, आणि त्या 'तू'चं आजींना इतकं अप्रूप, की त्यांनी ते सगळ्या मंडळीला सांगून झालं आहे.

सगळं काही जमलं असं नाही. गेलेलं कुटुंब परत आलं नाही. ते काका येतात, पण अजून शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसतात. मुलं दोन वर्षांत कॉलेजला जातील, मग पुढे काय हे कुणाला माहीत नाही. प्रकटीकरणाच्या पुस्तकात आशियातल्या सात मंडळ्यांना पत्रं आहेत. सातांपैकी स्मुर्णा आणि फिलदेल्फिया या दोघींनाच दोष दिलेला नाही, बाकी पाचांची कानउघाडणी आहे. आणि फिलदेल्फियाबद्दल लिहिलंय ते काय, तर तिची शक्ती थोडी आहे. आमच्या चौदांच्या मंडळीला, आता तेराच्या, याचा मोठा आधार वाटतो.

आमचा धंदा पुलांचा. पेत्राच्या पहिल्या पत्रात मंडळीला जिवंत धोंड्यांचं घर म्हटलं आहे. इंजिनियरला ही उपमा लगेच पटते. जुन्या दगडी कमानी चुन्याशिवायही उभ्या राहतात, कारण प्रत्येक दगड शेजारच्यावर भार टाकतो आणि त्याचा भार घेतो. एकटा दगड कितीही चिरेबंदी असला तरी कमान होत नाही. आणि कमान बांधताना खाली जो लाकडी आधार द्यावा लागतो, तो वरचा मधला दगड बसल्यावर काढून घ्यावाच लागतो. नाही काढला तर तिच्याखालून वाट होत नाही. आपण पहिल्या पिढीचे लोक बहुधा तो लाकडी आधार असू. तो कधी काढायचा, हे मात्र कुठल्याच कोड-बुकात लिहिलेलं नाही.

वाचकहो, आपल्या मंडळातही मराठी शाळेवरून, नाटकांच्या भाषेवरून, तरुण येत नाहीत यावरून दरवर्षी हीच चर्चा होते. धर्माचा भाग बाजूला ठेवून तो सहावा अध्याय एकदा जरूर वाचावा. अध्यक्षपद नाही, निदान पोह्यांची कढई तरी पुढच्या पिढीच्या हाती देऊन पाहावी. मीठ कमी-जास्त होईल. पण एकमेकांसाठी थांबून जेवलं, की तेवढ्याने काही बिघडत नाही.